म्यानमारहून भारतात आलेल्या लाकडाच्या किमतीची तुलना: आकडे जुळत नसतील तर कोणत्या देशाचे धरावेत?

म्यानमारहून २००५ ते २०२० दरम्यान भारतात आलेल्या कटसाइज (चिरून आलेल्या) सागवानाची एकूण किंमत तुम्हाला वर्षागणिक ताडून बघायची आहे, पण दोन्ही देशांचे आकडे एकमेकांच्या आसपासही येत नाहीत. मी आयात लाकडाची कागदपत्रं बघतो, त्यावरून सांगतो: भारताचे धरा. बंदरात माल उतरतो तेव्हा जकातीसाठी त्याची किंमत तपासली जाते. आणि नुसतं कटसाइज बघू नका, फसाल.

कारण १ एप्रिल २०१४. त्या दिवसापासून म्यानमारने गोल लाकूड बाहेर पाठवणं बंद केलं. तोवर आपल्याकडे मुख्यतः ओंडकेच यायचे, म्हणजे ४४०३ या जकातीच्या कोडखाली. नंतर तोच साग तिकडच्या सॉ मिलमध्ये चिरून ४४०७ खाली येऊ लागला, आणि प्लायवूडवाल्यांचं गर्जन लाकूड ४४०८ खाली, व्हिनियर म्हणजे पातळ पापुद्रे होऊन. एकट्या ४४०७ चा आलेख काढलात तर धंदा भरभराटलेला दिसेल, एकट्या ४४०३ चा काढलात तर बुडालेला. तिन्हींची बेरीज घ्या. बंदी येणार हे आधीच ठाऊक असल्याने व्यापाऱ्यांनी माल भरून ठेवला होता, म्हणून २०१३-१४ हे तुलनेचं पायाभूत वर्ष करू नका.

बेरजेतही एक गोम आहे. चिरलेल्या मालाच्या किमतीत चिरण्याची मजुरी आणि चिरताना वाया गेलेलं लाकूडही धरलेलं असतं, म्हणून एकूण किंमत टिकली तरी लाकूड कमी आलेलं असू शकतं. सोबत घनमीटर बघाच. पण जुन्या बिलांवर 'टन' दिसला की थांबा, तो वजनाचा नव्हे, आकारमानाचा टन. ओंडक्यांचा टन (त्याला हॉपस टन म्हणतात) म्हणजे सुमारे १.८ घनमीटर, चिरलेल्या लाकडाचा टन म्हणजे ५० घनफूट, सुमारे १.४ घनमीटर. दोन्ही एकाच रकान्यात टाकणारे बरेच बघितलेत.

म्यानमारचे आकडे का नकोत? एप्रिल २०१२ पर्यंत तिथे डॉलरचा सरकारी दर ६ क्याटच्या (क्याट हे तिथलं चलन) आसपास होता आणि बाजारात ८०० च्या घरात. क्याटमधली जुनी रक्कम कोणत्या दराने लिहिली हे न बघता डॉलरमध्ये नेलीत तर शंभरपटीहून जास्त फरक पडतो. शिवाय २०१८ मध्ये त्यांनी आर्थिक वर्ष एप्रिलऐवजी ऑक्टोबरपासून सुरू केलं होतं (२०२२ मध्ये ते पुन्हा एप्रिलवर आलं), म्हणून त्या काळातली त्यांची वर्षं आपल्या वर्षांशी जुळत नाहीत.

ते निर्यात एफओबी लिहितात, म्हणजे भाडं-विमा न धरता, आपण आयात सीआयएफ, म्हणजे भाडं-विमा धरून. त्यामुळे आपला आकडा थोडा वर राहणारच. तफावत दीड-दोन पट असेल तर मात्र ती भाड्याची नाही. सिंगापूरमार्गे फिरून आलेला माल, कमी दाखवलेली किंमत, चोरटी तोड, यांतलं काहीतरी असतं.

सागवानाची एकूण आयात घेऊन तीच म्यानमारची समजू नका. घाना, इक्वेडोर, पनामा इथूनही लागवडीचा साग येतो (दुकानदार त्यालाही बेलाशक 'बर्मा टीक' म्हणतो). आंतरराष्ट्रीय सहा अंकी कोडमध्ये सागाला स्वतंत्र जागा २०२२ मध्येच मिळाली. त्याआधीच्या वर्षांसाठी कॉमट्रेड (संयुक्त राष्ट्रांची व्यापाराची आकडेवारी) पुरत नाही, आपल्या वाणिज्य मंत्रालयाचे आठ अंकी कोडचे आकडे काढावे लागतात.

आलेख डॉलरमध्येच काढा. २०११ च्या मध्यात ४५ रुपयांना मिळणारा डॉलर ऑगस्ट २०१३ मध्ये ६८ ला गेला होता. नेमकी तीच बंदीआधीची वर्षं, त्यामुळे रुपयातल्या चढात लाकूड किती आणि रुपयाची घसरण किती, हे सुटं करता येणार नाही.