अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना मोबदला द्यावा का?

शिक्षण, निवास आणि भोजन मोफत मिळत असताना अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळाडूंना वर पैसे कशासाठी द्यायचे, असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर असे की, ज्यांच्या खेळावर एवढा पैसा उभा राहतो त्यांना त्यातला वाटा मिळालाच पाहिजे, आणि तो किती असावा हे ठरवण्यातही त्यांचा सहभाग असला पाहिजे.

हा खेळ फावल्या वेळेचा असता, तर शिष्यवृत्ती पुरेशी आहे हे म्हणणे मी मान्य केले असते. परंतु पुरुषांच्या बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रक्षेपण हक्कांची २०१६ साली झालेली नुसती मुदतवाढच आठ वर्षांसाठी ८.८ अब्ज डॉलरची होती, आणि अनेक राज्यांत सरकारी नोकरांपैकी सर्वाधिक पगार एखाद्या विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल किंवा बास्केटबॉल प्रशिक्षकाला मिळतो. प्रशिक्षकाला बाजारभाव आणि ज्याचा गुडघा मैदानावर निकामी होतो त्याला खेळासाठी पैसे न घेण्याचा, म्हणजे हौशीपणाचा नियम, ही वाटणी मला अन्यायाचीच वाटते.

न्यायालयांनाही ती हळूहळू पटेनाशी झाली. एड ओ'बॅनन या माजी बास्केटबॉलपटूने, व्हिडिओ गेममध्ये आपल्यासारखाच खेळाडू परवानगीविना वापरलेला पाहून, २००९ मध्ये एनसीएए या महाविद्यालयीन खेळांच्या नियामक संस्थेविरुद्ध दावा लावला. २०२१ मध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणाशी निगडित लाभांवरील मर्यादा एकमताने बेकायदा ठरवल्या, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून खेळाडूंना जाहिरातींतून कमाई करण्याची मुभा मिळाली. खेळाडूंच्या दाव्यांत जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार आता विद्यापीठे खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात; पहिल्या वर्षासाठी (२०२५-२६) प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची कमाल मर्यादा ठरली.

माझा आक्षेप या मर्यादेच्या उगमाला आहे. एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्येही संघाच्या वेतनखर्चावर मर्यादा असते, पण ती खेळाडूंच्या संघटनेने वाटाघाटी करून स्वीकारलेली असते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी २०१४ मध्ये अशी संघटना उभारू पाहिली, तेव्हा केंद्रीय श्रम मंडळाने पुढच्या वर्षी अधिकारक्षेत्र वापरण्यासच नकार दिला. वाटाघाटीचा हक्क नसेल, तर आज मिळालेला वाटा उद्या कमीही होऊ शकतो.

महिला खेळाडूंचा प्रश्न मात्र मला खरोखर अवघड वाटतो. तडजोडीनुसार आधीच्या वर्षांतील खेळाडूंना द्यायच्या भरपाईचा फार मोठा भाग फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे जातो, आणि शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला मनाई करणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यातील समानतेशी हे कसे जुळते, याचे समाधानकारक उत्तर मला अजून सापडलेले नाही.

भारतीय टेनिसपटू ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून खेळली, तशी आपल्याकडची मुले आजही तिकडे जातात. ती बहुधा एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असतात, आणि त्या व्हिसावर नोकरीचे निर्बंध कडक असल्याने जाहिरातीचा साधा करारही अडचणीत आणू शकतो. तुमच्या घरातले कोणी जाणार असेल, तर कोणत्याही करारावर सही करण्यापूर्वी त्या विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर जरूर घ्यावे.