उत्खनन थांबेपर्यंत मुदत थांबत नाही

प्रश्न : साठवण तलावात माझी जमीन गेली. भरपाई ठरवणाऱ्या निवाड्याच्या दिवशी हजर होतो, मावेजा 'हरकत राखून' उचलला. विहीर आणि पाइपलाइन मूल्यांकनात धरलीच नाही. पुढे बुडीत क्षेत्रातल्या पांढरीत (जुन्या वस्तीच्या टेकाडात) विटांच्या भिंती, मणी निघाले आणि काम बंद पडलं. उत्खनन झाल्यावर वाढीव मावेजा मागू म्हणून थांबलो. निवाड्याला तेरा महिने झाले. निघालेल्या वस्तूंची किंमत मिळेल का?
– एक शेतकरी, जि. धाराशिव

उत्तर : मण्यांचं राहू द्या, आधी निवाड्याची तारीख बघा. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 64 प्रमाणे, निवाड्याला हजर असलेल्या माणसाला वाढीव मावेजासाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज करायला सहा आठवडे मिळतात. ते तुम्ही घालवले. सबळ कारण पटलं, तर त्यापुढे आणखी एक वर्ष. हिशेब करा, तुमच्याकडे जेमतेम दहा-बारा दिवस उरलेत.

थांबा म्हणून तुम्हाला सांगितलं कुणी? नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाण्याआधी नागार्जुनकोंड्याच्या प्राचीन स्थळी 1954 ते 1960 उत्खनन चाललं होतं. पुरातत्त्ववाले ब्रशने माती झाडत बसतात, ते त्यांचं कामच आहे. तुमच्या मुदतीशी त्याचा काडीचा संबंध नाही. असं थांबून हक्क घालवलेले शेतकरी मी दर हंगामात बघतो.

एक गोष्ट मात्र तुम्ही शहाणपणाची केलीत. 'हरकत राखून' हे शब्द नसते, तर कलम 77 ने हा रस्ताच बंद केला असता. त्या पावतीची प्रमाणित प्रत उद्याच काढा. अर्ज आणि उशीर माफ करण्याची विनंती (विलंबमाफी) एकत्र द्या, आवक क्रमांकाची पोच घ्या. 'उत्खनन चालू होतं' एवढं कारण लंगडं पडेल. कुण्या अधिकाऱ्याने थांबायला सांगितल्याचा कागद असेल, तर तोच वर लावा. तरीही जिल्हाधिकारी विलंब माफ करतीलच, असं मी म्हणणार नाही.

अर्जात भर विहिरीवर आणि पाइपलाइनवर द्या. त्यांची किंमत वाढली की मावेजावर मिळणारी शंभर टक्के दिलासा रक्कमही तेवढीच वाढते. पुराणवस्तूंमुळे जमिनीचा भाव चढत नाही. बाजारभाव खरेदीखतं आणि मुद्रांक दरांवरून ठरतो.

हा अर्ज फेटाळला गेला, तर त्याच अधिसूचनेतला कुणी शेजारी वाढीव मावेजाचे वाद ऐकणाऱ्या प्राधिकरणात गेलाय का, ते विचारा. त्याचा मावेजा वाढला, तर त्या निकालापासून तीन महिन्यांत कलम 73 खाली मागता येतं. पण तुम्ही स्वतः अर्ज केलेला असल्यावर हे कलम लागू होतं का, यावर वाद होऊ शकतो. त्याच्या भरवशावर राहू नका.

मणी घरी ठेवले असतील, तर तहसीलला लेखी जमा करा. तिथलीही पोच घ्या.