‘कुठंही चालेल’ म्हणणाऱ्यांना पुन्हा विचारा

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही घर बांधतो आहोत. सासू-सासरे, आम्ही दोघं आणि तेरा वर्षांची मुलगी असे राहणार आहोत. सासऱ्यांचे गुडघे दुखतात. त्यामुळे आर्किटेक्टनी त्या दोघांसाठी तळमजल्यावर मागच्या बाजूची शांत खोली सुचवली आहे. मुलीला वरची स्वतंत्र खोली हवी आहे, पण ती सगळ्यांपासून तुटेल अशी भीती वाटते. सासूबाईंना विचारलं, तर त्या म्हणतात, ‘आम्हाला कुठंही चालेल.’ सगळ्यांना आपलं वाटेल असं घर कसं करावं?

उत्तर : माझ्या आईनंही मला अगदी हेच उत्तर दिलं होतं, आणि मी ते खरं मानलं. तिच्यासाठी मागची खोली केली. मोठी खिडकी, समोर झाड, रस्त्याचा आवाज नाही. नकाशावर ती घरातली सर्वांत चांगली खोली होती. राहायला आल्यावर काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की आई त्या खोलीत फक्त झोपते. दिवसभर ती जेवणाच्या टेबलाच्या टोकाशी, पाठ न टेकता येणाऱ्या स्टुलावर बसून असायची. कारण तेवढ्या एकाच जागेवरून घराचं दार दिसायचं. कोण आलं, कोण गेलं, कोणाचा चेहरा उतरलेला आहे, हे तिला कळायला हवं होतं. शेवटी माझी पुढची कामाची खोली मी तिला दिली आणि मी मागे गेले. आई त्या खोलीत आठ वर्षं राहिली, आणि दार वाजलं की सगळ्यांच्या आधी तिला कळायचं.

म्हणून सासूबाईंना खोलीबद्दल विचारू नका, दिवसाबद्दल विचारा. सकाळी सातला कुठं बसावंसं वाटतं? दुपारी झोप झाल्यावर? रात्री दोनला जाग आली तर? ही उत्तरं घेऊन आर्किटेक्टकडे जा. तळमजला योग्यच आहे. माझा आक्षेप फक्त ‘मागच्या बाजूला’ या शब्दांना आहे.

रात्री दोनचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. पलंगापासून बाथरूमपर्यंतची वाट सरळ हवी आणि मध्ये उंबरा नको. दाराची मोकळी रुंदी किमान 900 मिलिमीटर ठेवा. आत दीड मीटर व्यासाचं वर्तुळ मावेल एवढी जागा असली, की उद्या चाकांची खुर्ची लागली तरी ती वळते. दार बाहेर उघडणारं करा. आत कोणी पडलं, तर आत उघडणारं दार त्या माणसालाच अडतं आणि मदत करणारा बाहेर राहतो. धरायचे दांडे आज बसवायचे नसतील तर राहू द्या, पण कमोडशेजारची आणि शॉवरजवळची भिंत टाइल लावण्याआधीच भक्कम करून घ्या. नंतर भिंत फोडावी लागत नाही. आणि दिवे! वयाबरोबर बुबुळाचं छिद्र लहान होतं, भिंग पिवळट होतं. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांश प्रकाश पोचतो. तुम्हाला पुरेसा वाटणारा उजेड सासऱ्यांना पुरत नाही. मात्र डोळ्यांवर येणारा झगझगीत दिवा नको, जमिनीलगतचा मंद प्रकाश हवा.

यातलं काहीच ‘म्हाताऱ्यांसाठीचं’ दिसत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. ‘युनिव्हर्सल डिझाइन’ हा शब्द रूढ करणारे अमेरिकी आर्किटेक्ट रॉन मेस लहानपणी पोलिओ झाल्यामुळे चाकांची खुर्ची वापरत. त्यांचा आग्रह हाच होता, की वेगळी सोय नको, सगळ्यांचीच सोय करा. एकास बारा उताराच्या, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबीच्या, रॅम्पवरून सासरेही चढतील, मुलीची सायकलही आणि सामानाची बॅगही.

आता मुलगी. तिला वरची खोली द्या, आणि बंद होणारं दारही द्या. ती सगळ्यांपासून तुटेल ही भीती मला रास्त वाटते, पण त्या भीतीवरचा उपाय जिन्यात आहे. जिना मुख्य दारातूनच वर गेला, तर ती कोणाला न भेटता खोलीत पोचेल. तोच जिना आजी-आजोबा बसतात त्या जागेजवळून गेला, तर दिवसातून चार-पाचदा सहज भेट होईल. बोलायचं असेल तर थांबेल, नसेल तर जाईल. डेन्मार्कमध्ये 1972 मध्ये उभ्या राहिलेल्या सेटेडॅमेन या सहनिवासात प्रत्येक कुटुंबाला स्वतःचं पूर्ण घर, स्वयंपाकघरासकट, मिळालं आणि त्याशिवाय सगळ्यांचं एक सामायिक घर. आपलं दार लावता येतं, म्हणून माणसं ते मोकळेपणानं उघडतात.

प्रश्न : आमच्या वसाहतीत एक मोकळी जागा आहे. मुलांच्या चेंडूबद्दल ज्येष्ठांच्या तक्रारी येतात. समितीचा विचार आहे, की कुंपण घालून ज्येष्ठांचा कोपरा वेगळा करावा. योग्य ठरेल का?

उत्तर : चेंडूपासून संरक्षण जरूर द्या, पण कुंपणानं जागा तोडू नका. चेंडूचा खेळ एका टोकाला न्या, तिथं जाळी लावा. लहानग्यांचा खेळ आणि ज्येष्ठांची बाकं शेजारी ठेवा. सिंगापूरच्या ‘कम्पुंग ॲडमिरल्टी’ या इमारतीत वर ज्येष्ठांची घरं आहेत, आणि पाळणाघर व ज्येष्ठांचं केंद्र जवळजवळ ठेवलं आहे. भेटायला निमित्त लागत नाही. नेदरलँड्समधल्या डेव्हेंटर गावातल्या ‘ह्यूमानिटास’ वृद्धनिवासात तर विद्यार्थी भाडं न देता राहतात. महिन्याला 30 तास चांगले शेजारी म्हणून वागायचं, एवढीच अट. मला वाटतं, तुमच्या वसाहतीतही खोली शोधणारे तरुण असतील. समितीनं त्यांचाही विचार करावा.

बाकं पाठीची आणि हातांचीच घ्या. हातांवर जोर देऊन उठता येतं. नुसत्या कट्ट्यावरून गुडघेदुखीचा माणूस उठू शकत नाही, म्हणून बसतच नाही. तोंड खेळाकडे, पाठीमागे भिंत किंवा झुडपं, आणि दुपारनंतर सावली. सुरुवातीला एकही बाक जमिनीत पक्कं करू नका. महिनाभर हलवता येतील अशी ठेवा. रोज संध्याकाळी ती कुठं सरकली आहेत ते पाहून ठेवा आणि नंतरच गवंड्याला बोलवा.