जर्मनीत फ्लॅट घेताना एजंटचं कमिशन आणि विश्वास कुणावर ठेवायचा

भावा, तू विचारलंयस की स्टुटगार्टची नोकरी पक्की झालीय, कळंब्याचा प्लॉट विकून इकडं फ्लॅट घ्यायचाय आणि एजंटनं ३.५७ टक्के कमिशन सांगितलंय, म्हणजे फसवतोय का. मी इथंच राहतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आकडा बरोबर आहे. ३ टक्के आणि त्यावर १९ टक्के व्हॅट, बहुतेक ठिकाणी हाच रेट चालतो आणि तेवढंच विकणाराही देतो. २३ डिसेंबर २०२० पासून कायदाच आहे की स्वतःला राहायला फ्लॅट नाहीतर एका कुटुंबाचं घर घेणाऱ्यावर विकणाऱ्यानं लावलेल्या माकलरचं, म्हणजे एजंटचं, अर्ध्यापेक्षा जास्त कमिशन टाकता येत नाही, आणि विकणाऱ्यानं आपला हिस्सा भरल्याचं दाखवल्याशिवाय तुझ्याकडं मागता पण येत नाही. खरेदीखत झालं तरच कमिशन, त्याआधी एक पैसा नाही. "फ्लॅट तुमच्यासाठी धरून ठेवतो, हजार युरो टाका" असं कुणी म्हणालं तर सरळ नाही म्हण, माकलरनं असे पैसे घेऊन परत न देणं चालत नाही असा इथल्या सर्वोच्च कोर्टाचा २०२३ चा निकाल आहे.

पण टक्क्यात अडकू नको, खरा मुद्दा वेगळा आहे. आपल्याकडं एजंट म्हणजे कुणाचा तरी पाहुणा नाहीतर तालमीतला, काय लफडं झालंच तर संध्याकाळी रंकाळ्यावर गाठता येतो, घरी जाऊन बसता येतं, आणि त्या ओळखीवरच व्यवहार होतो. इकडं ती ओळख नाही, आणि अर्धे पैसे तू देतोस म्हणून माकलर तुझा होत नाही. किंमत चढली की त्याचं कमिशन चढतं. "अजून दोन पार्ट्या आहेत, आजच कळवा" हे इथंही ऐकायला मिळतंच! माणूस वाईट असतो असं नाही, माझा अनुभव उलट चांगलाच आहे, पण तुझं हित बघायला त्याला कुणी नेमलेलं नसतं.

मग विश्वास कुणावर? तर नोटारवर आणि ग्रुंडबूखवर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदवहीवर. नोटार म्हणजे आपल्याकडचा कोर्टाबाहेर शिक्के मारणारा नोटरी नव्हे, तो सरकारनं नेमलेला कायदेतज्ज्ञ असतो, त्याच्यासमोर अख्खा करार मोठ्यानं वाचल्याशिवाय इथं घराचा व्यवहारच होत नाही, आणि तुला जर्मन येत नसेल तर दुभाषी लागतोच. सह्या झाल्या की ग्रुंडबूखमध्ये तुझ्या नावाची आगाऊ नोंद होते, विकणारा दुसऱ्याला विकू शकत नाही, आणि मग नोटारचं पत्र येतं की आता पैसे भरा. त्या पत्राआधी विकणाऱ्याला काही द्यायचं नाही, इसार वगैरे प्रकार इकडं नाही. रोख तर नाहीच, १ एप्रिल २०२३ पासून घरखरेदीत कॅशवर बंदीच आहे.

मात्र नोटार निःपक्ष असतो, फ्लॅट चांगला का वाईट हे तो बघत नाही. जुना फ्लॅट "आहे तसा" विकतात, नंतर ओल निघाली तर तुझं तू. म्हणून स्वतःचा बाउगुटआख्टर, म्हणजे बांधकाम तपासणारा, लाव, आणि सोसायटीच्या मीटिंगांचे मागच्या ३ वर्षांचे अहवाल माकलरकडून मागून घे. छप्पर नाहीतर हीटिंग बदलायचं ठरलंय का, फंडात किती पैसे आहेत, सगळं त्यातच कळतं. द्यायला टाळाटाळ केली तर तो फ्लॅट सोडून दे, कितीही आवडला तरी.

हिशेब मांडतो. ४ लाख युरोचा फ्लॅट धरला तर माकलर १४,२८०, बाडेन-वुर्टेंबर्गचा, म्हणजे स्टुटगार्टच्या राज्याचा, ५ टक्के खरेदी कर २०,०००, नोटार आणि नोंदणी साधारण ८,०००. हे ४२ हजार बँक सहसा लोनमध्ये देत नाही, खिशातूनच लागतात. (शेजारच्या बायर्न राज्यात कर ३.५ टक्केच आहे, पण म्युनिकच्या किमती बघितल्या तर तो फायदा कुठल्या कुठं जातो.)

मी तर म्हणतो पहिलं वर्ष भाड्यानं राहा, एरिया कळू दे. भाड्याच्या घराला १ जून २०१५ पासून ज्यानं माकलर बोलावला त्यानंच पैसे द्यायचे, मालकाच्या माकलरनं तुझ्याकडं मागितले तर देऊ नको. आणि "मी परदेशात आहे, डिपॉझिट टाका, चावी कुरियरनं पाठवतो" असा मेल आला की समज फ्रॉड आहे, कोल्हापुरात बसून घर शोधणारेच यात जास्त सापडतात.

प्लॉटच्या पैशाचं आत्ताच सीएशी बोलून घे. निघायच्या आधी पाठवलेस तर माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे, एनआरआय झाल्यावर एनआरओ खात्यातून, म्हणजे एनआरआयच्या भारतातल्या रुपयांच्या खात्यातून, वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, पण त्याचे कागद आणि टॅक्स वेगळा. वहिनींच्या नावावर प्लॉटचा हिस्सा आहे का तेवढं कळव, मग पुढचं सांगतो.