बोट घरची, पण विस्तव उधारीचा

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. ब्रिटनमधल्या वाफेच्या मासेमारी बोटी खरंच एकेका घराच्या मालकीच्या असायच्या का? आणि असायच्या, तर आपल्या कोळीवाड्यांत त्या का दिसल्या नाहीत? माझी निम्मी हयात जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेली, तेव्हा उत्तरही तिथूनच देतो.

आधी ट्रॉलर, म्हणजे जाळं मागे ओढत नेणाऱ्या बोटी, बाजूला काढू. हल, ग्रिम्सबी या इंग्लंडच्या बंदरांतले वाफेचे ट्रॉलर बहुतेक कंपन्यांचे. घरच्या बोटी म्हणजे ड्रिफ्टर. हेरिंग, म्हणजे आपल्या तारलीचा थंड समुद्रातला चुलतभाऊ, त्यासाठी दोन-तीन किलोमीटर जाळं रात्री पडद्यासारखं पाण्यात सोडायचं आणि त्याच्यासोबत वाहत राहायचं. गंमत म्हणजे या बोटींवर वाफ आली ती आधी जाळं ओढायला. १८८०च्या दशकात शिडाच्या बोटींवर छोटा बॉयलर आणि वाफेचा कॅप्स्टन, म्हणजे दोर गुंडाळून जाळं ओढणारा उभा रहाट, बसला. बोटच वाफेवर चालवायची, अशी खास बांधलेली पहिली ड्रिफ्टर म्हणजे इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोस्टॉफ्टची १८९७ची 'कन्सोलेशन'. वारा पडला तरी मासळी सकाळच्या बाजारात पोचणार, हा खरा फायदा. १९१३च्या हंगामात शेजारच्या ग्रेट यार्मथ बंदराला हजारावर ड्रिफ्टर जमल्या होत्या, त्यातल्या बऱ्याचशा स्कॉटलंडच्या.

मालकीचं म्हणाल तर ब्रिटिश कायद्यात जहाजाचे ६४ हिस्से पडतात. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर, बकीसारख्या गावात, बाप, भाऊ, मेहुणे मिळून ते घेत. जाळीही ज्याची त्याची. कमाईचे वाटे: बोटीचा, जाळ्यांचा, माणसांचा. आपल्या नाखवा-तांडेल-खलाशांच्या हिशेबासारखंच की! फक्त शिडाची बोट काहीशे पौंडांत व्हायची, ड्रिफ्टरला तीन हजारांच्या आसपास लागत. एवढे पैसे घरात कुणाच्या असणार? मग बँक, नाहीतर मासळीचा दलाल. बऱ्याच बोटींत दलाल हिस्सेदारच असे, म्हणजे मासळी त्याच्याच हातून विकायची.

कर्जाहून वाईट तो विस्तव. मी ग्रेट यार्मथला 'लिडिया इव्हा' पाहिली आहे. १९३० साली बांधलेली, आज उरलेली शेवटची वाफेची ड्रिफ्टर. मालकाने मुलीचं नाव दिलेलं. बॉयलरसमोर उभं राहिलो आणि पहिलं मनात आलं ते हे, की जाळं रात्रभर पाण्यात, बोट नुसती वाहतेय, तरी इथला विस्तव विझू द्यायचा नाही. पहाटे कॅप्स्टनला वाफ हवीच. डिझेल बंद करून झोपता येतं, बॉयलरला झोप नसते. मासळी मिळो न मिळो, कोळशाचं बिल ठरलेलं. शिवाय इंजिनवाला आणि कोळसा टाकणारा, स्कॉटिश बोटींवर हे दोघे बहुधा पगारी. बाकीचे वाट्यावर, म्हणजे रिकाम्या हाताने परतलं तर घरचे उपाशी आणि पगारी माणसाचं देणं अंगावर.

पहिल्या महायुद्धात नौदलाने या बोटी शेकड्यांनी घेतल्या. मे १९१७मध्ये इटलीजवळच्या ओट्रांटोच्या सामुद्रधुनीत ऑस्ट्रियन क्रूझरांनी १४ ड्रिफ्टर बुडवल्या. तेव्हा 'गोवनली' या ड्रिफ्टरचा कप्तान जोसेफ वॉट याने एका किरकोळ तोफेच्या बळावर शरणागती नाकारली आणि व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळवलं. (हे अवांतर, पण मला राहवत नाही.) युद्धानंतर खाऱ्या हेरिंगची रशिया-जर्मनीची गिऱ्हाइकी ढासळली. कर्ज आणि कोळसा मात्र होते तिथेच. 'लिडिया इव्हा'नेही जेमतेम आठ वर्षं मासेमारी केली.

आता आपल्याकडचं. वाफेची बोट इथे आलीच नाही असं नाही. १९२१-२२मध्ये मुंबई सरकारने 'विल्यम कॅरिक' नावाचा वाफेचा ट्रॉलर आणून आपल्या समुद्रात चाचणी घेतली. त्यातून धंदा काही उभा राहिला नाही. माझ्या मते कोळ्यांनी वाफ घेतली नाही त्याचं कारण साधं आहे: बॉयलर, त्याचं गोडं पाणी, कोळशाची कोठी यांनीच लहान होडी भरून जाते, मासळी ठेवायची कुठे? डिझेलचं इंजिन मात्र घरच्याच होडीत, नवी न बांधताही, बसवता आलं.

तुमच्या आजोबांची होडी होती म्हणता, तर तिला पहिलं इंजिन कधी बसलं आणि पैसे कुणी दिले, तेवढं घरी विचारून इथे लिहाच.