सेटिंग लो, तरी गेम अडकतो?

प्रश्न : ताई, माझ्याकडे जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड आहे, मित्राकडून सेकंडहँड घेतलं. जीटीए ५ खेळताना कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) ६० दिसतो, पण मागे पोलीस लागले की गेम धक्के मारतो. आफ्टरबर्नर (कार्डवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) लावून बघितलं तर कार्डचा क्लॉक, म्हणजे चालायचा वेग, १९०० मेगाहर्ट्झवरून ७००, परत १९००, असा नाचतोय. तापमान ५८ च्या वर जात नाही, लोड ४०-४५ टक्के. व्हीसिंक (फ्रेम स्क्रीनच्या वेगाशी जुळवणारी सेटिंग) चालू आहे. सगळ्या सेटिंग्ज लो करून पाहिल्या तर उलट जास्तच अडकतो! दुकानदार म्हणतो, एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदल, नाहीतर कार्ड गेलंय समज.
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, जळगाव

उत्तर : पाकीट खिशातच राहू दे. एसएमपीएस कमी पडत असता तर ऐन मारामारीत स्क्रीन काळी झाली असती किंवा पीसी धाडकन रीस्टार्ट झाला असता. क्लॉक असा शिस्तीत खालीवर झाला नसता. कार्ड मरायला टेकलं की बहुतेक वेळा स्क्रीनवर रंगीत ठिपके, चट्टेपट्टे दिसतात, ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) कोसळतो. तू यातलं काहीच लिहिलेलं नाहीस. आणि खोक्यावर बूस्ट (वरचा क्लॉक) १७८५ लिहिलेलं असताना १९०० कसे दिसतात, म्हणून घाबरू नकोस. कार्ड थंड असलं की ते स्वतःहून तेवढं वर जातं.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तू उद्गारचिन्ह टाकून लिहिलंयस : लो केलं तर जास्त अडकतो. खरी गोम तिथेच आहे.

६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. समज, १८०० च्या क्लॉकवर तुझं कार्ड एक फ्रेम ७ मिलिसेकंदांत उरकतं. व्हीसिंकमुळे पुढची फ्रेम लगेच घेता येत नाही, म्हणून उरलेले ९-१० मिलिसेकंद ते नुसतं बसून राहतं. ड्रायव्हर बघतो, कार्ड अर्धा वेळ रिकामं; वीज वाचवायला क्लॉक उतरवतो. ९०० वर तीच फ्रेम जेमतेम १४ मध्ये बसते, तोवर ठीक. तेवढ्यात चौकात स्फोट होतो, चार गाड्या आदळतात, फ्रेमला २० लागतात. ड्रायव्हर क्लॉक चढवतो, पण तोवर दोन-तीन फ्रेम हुकलेल्या असतात, आणि तोच तुझा धक्का. कोपऱ्यातला आकडा सरासरीचा असल्यामुळे तो साळसूदपणे ६० च दाखवत राहतो. सेटिंग्ज लो केल्यास की कार्ड आणखी रिकामं, क्लॉक आणखी खाली. घाट समोर असताना टॉप गिअर टाकून बसल्यासारखं आहे हे.

तेव्हा आधी फुकटातला उपाय : गेम जड कर. टेक्स्चर, सावल्या, अँटी-अलियासिंग (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) एकेक पायरी वाढव आणि लोड ७५-८० टक्क्यांच्या आसपास आण. ‘अडकणारा गेम आणखी जड करा’ असं सांगितलं की आमच्या सांगलीतल्या दुकानात पोरं माझ्याकडे संशयाने बघतात. करून बघ.

मग एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघड. ‘मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज’मध्ये ‘प्रोग्रॅम सेटिंग्ज’ या टॅबवर जाऊन जीटीए निवड आणि ‘पॉवर मॅनेजमेंट मोड’ला ‘प्रिफर मॅक्झिमम परफॉर्मन्स’ लाव. ग्लोबल टॅबवर लावू नकोस. नाहीतर नुसतं ब्राउझर उघडून बसलास तरी कार्ड वरच्या क्लॉकवर तापत राहील आणि बिल बाबांना येईल.

एवढ्यानेही क्लॉक नाचत राहिला तर आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाब. व्होल्टेज-क्लॉकची वक्र रेघ दिसेल. तिच्यावर १७०० च्या आसपासचा ठिपका निवड, कीबोर्डवर एल दाब, की तिथे उभी रेघ येते. मग बरोबरची (✓) खूण दाबून लागू कर. १९०० चा हट्ट धरू नकोस. कायम १७०० हे अधूनमधून मिळणाऱ्या १९०० पेक्षा केव्हाही चांगलं. खेळून झालं की रीसेट कर.

एक तपासणी मात्र राहिलीच. धक्का नव्या ठिकाणी पहिल्यांदाच बसत असेल आणि परत तिथे गेल्यावर बसत नसेल, तर दोष क्लॉकचा नाही. गेम तिथला माल डिस्कवरून उचलत असतो. तुझा गेम अजून जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर, म्हणजे वेगवान डिस्कवर, हलव.

प्रश्न : मुलाच्या लॅपटॉपवर गेम पहिली वीस मिनिटं छान चालतो, मग रखडतो. चार्जर लावलेला असतो. मित्रांनी त्याला क्लॉक लॉक करायला सांगितलं आहे. करू द्यावं का?
— एक आई, चंद्रपूर

उत्तर : मुळीच नको. वर जळगावच्या मुलाला सांगितलं ते तुमच्याकडे उलटं लागू आहे. त्याचं कार्ड रिकामं बसतं म्हणून क्लॉक उतरतो, तुमचं तापतं म्हणून. बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिपची उष्णता एकाच तांब्याच्या नळ्यांतून बाहेर जाते, त्यामुळे एक तापला की दुसऱ्यालाही झळ बसते. मुलगा गादीवर लोळून खेळतो का, ते आधी बघा. खालच्या जाळीतून हवा आत जाते. ती चादरीने झाकली की पंखा नुसताच कोकलतो. टेबलावर ठेवायला लावा, मागची बाजू दोन बोटं उचलून. दुकानात नेऊन जाळीमागचा धुळीचा थर काढून घ्या. तो पुष्कळदा अख्खा पापुद्र्यासारखा निघतो. गेममध्ये एफपीएसची मर्यादा ६० वर ठेवायला सांगा. त्याउपरही तापलाच तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० ऐवजी ९९ करा. बहुतेक लॅपटॉपवर त्याने प्रोसेसरचा टर्बो (जादा वेग) बंद होतो आणि तापमान बरंच उतरतं. मुलगा कुरकुर करेल, ‘लॅपटॉप स्लो केला’ म्हणेल. अर्धा तास खेळू द्या, मग विचारा.