नांदूरमधमेश्वरला जायचं कधी?

प्रश्न : ताई, आमची नुकतीच नाशिकला बदली झाली आहे. नांदूरमधमेश्वरचं पक्षी अभयारण्य फक्त थंडीतच बघण्यासारखं असतं का? मुलांना पावसाळ्यात नेलं तर काही दिसेल?

उत्तर : जरूर न्या! गोदावरी आणि कादवाच्या संगमावरचं हे पाणथळ २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरलं, आणि तेव्हापासून सगळी गर्दी डिसेंबर-जानेवारीतच लोटते. साहजिकच आहे म्हणा. लडाख-तिबेटकडून चक्रवाक उतरतात, थापट्या बदकं फावड्यासारखी चोच पाण्यात बुडवून गोल गोल फिरत पाणी गाळून त्यातलं बारीक अन्न टिपत राहतात. चापडगावच्या बाजूने सकाळी लवकर जा, उन्हं चढली की पाण्यावरची चकाकी डोळ्यांवर येते.

पण मला विचाराल तर मुलांसाठी पावसाळाच. ऐन विणीच्या दिवसांत कमळपक्ष्याला लांबलचक काळी शेपटी फुटते, मानेमागे सोनेरी पट्टा झळकतो. थंडीत ती लांब शेपटी राहत नाही आणि सोनेरी रंगही फिका पडतो. लांबच लांब बोटांमुळे तो तरंगत्या पानांवरून आरामात चालतो. मादी अंडी घालून दुसऱ्या नराकडे जाते. अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं बाबाकडे! मुलांना हे सांगाच. जांभळी पाणकोंबडी तर तिथे बारमाही.

दुर्बीण एकच असली तरी चालेल, पण घरट्याजवळ जाऊ नका आणि फोटोसाठी पक्षी उडवू तर मुळीच नका. हे मी दर वेळी लिहिते, लिहीत राहणार.